हात धुऊन वाचणाऱ्या बाया

बालाघाटच्या सार्वजनिक वाचनालयात मराठी पुस्तकांचं एकच कपाट होतं, आणि ते मागच्या बोळाच्या तोंडाशी, माठ-बादल्या ठेवायच्या जागेजवळ उभं केलेलं होतं. मुद्दाम केलं होतं असं मी म्हणत नाही. पण हिंदी पुस्तकं समोरच्या हॉलात पंख्याखाली आणि आमची तिथं ओलीत, एवढं तर आंधळ्यालाही दिसत होतं. कपाट सागवानी, पण एका दाराची काच फुटलेली, तिथं पुठ्ठा ठोकलेला. प्रांत मोडला तेव्हा नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, गोंदिया-भंडारा तिकडे गेलं आणि आम्ही इकडे हिंदी मुलखात राहिलो. माणसांना कोणी विचारलं नव्हतं, मग कपाटाला कोण विचारतो! जुन्या प्रांताच्या वेळी घेतलेली पुस्तकं होती तेवढीच राहिली. नवं एकही आलं नाही. नागपूरचं मराठी वर्तमानपत्र गाडीनं यायचं, तेही बंद झालं.

आज मी ही जी मराठी लिहिते आहे ती त्या कपाटातली आहे. बोलायला तोंड उघडलं की ‘मले-तुले’च निघतं, आणि त्यावर कोणी हसलं तर त्याला तिथल्या तिथे झाडते. पण कागदावर हात गेला की त्या पुस्तकांची भाषा येते. साठी उलटली, नवरा गेला, मग मी लिहायला बसले. तोवर का नाही बसले, तेच सांगते.

मी सोडलेली बाई होते. तुमसरला दिलं होतं मला. थोडे दिवस नांदवलं, मग त्यानं दुसरी आणली आणि पंचांसमोर सोडचिठ्ठी देऊन मला गाडीत बसवून दिलं. आईबाप नव्हते, म्हणून भावाच्या दारात आले. दादा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत होता. सायकलनं जायचा, काळाठिक्कर होऊन परत यायचा आणि जेवताना घासागणिक खोकायचा. घरात वहिनी, तिची लेकरं आणि मी. वहिनी तोंडानं कधी काही बोलली नाही. माझ्या ताटात भात वाढताना मात्र तिचा डाव ताटाला आपटायचा. लेकरांच्या ताटाला आपटत नव्हता.

मला त्या घरातून निघायची एकच वाट दिसत होती. बालाघाटात मराठी शाळा होती तोवर मी पाचवीपर्यंत शिकले होते. पुढे शाळा हिंदी झाली आणि माझं लग्न झालं. आता गोंदियाला जाऊन सातवीच्या फायनलला बाहेरून बसायचं. पास झालं की तिकडच्या खेड्यापाड्यांत मास्तरीण म्हणून घेत होते. स्वतःची खोली, स्वतःची चूल, आणि आपल्या ताटात आपल्या हातानं वाढलेला भात. याच्यापुढे मला काही नको होतं. खरंच सांगते, काही नको होतं.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो सायकलचं चाक पुसत होता.

“फुकटात होत असंल त शिक,” तो म्हणाला. “पन एक गोष्ट आयकून ठेव. परीक्षेपावतर मी वाट पायतो. पास झाली त सोता तुले गोंदियाले पोचवून देईन. नाही त परसवाड्याकडचं एक स्थळ हाय. बायको मेलेला मानूस हाय, घरची शेती हाय. मंग नाही-नोको करजो नोको.”

“हौ,” मी म्हटलं.

फुकटात म्हणजे वाचनालयात. त्या कपाटाच्या खालच्या फळीवर सातवीची क्रमिक पुस्तकं होती. वाचनमाला, व्याकरण, इतिहास आणि अंकगणित. बाजारात पुस्तकांचं दुकान होतं, पण तिथं सगळं हिंदी. गोंदियाला सगळं मिळत होतं, पण गोंदिया आमच्यासाठी पैशाचं गाव होतं. म्हणून माझा सगळा जन्म त्या खालच्या फळीवर आला होता, असं म्हटलं तरी चालेल.

वाचनालयात रविवारची दुपार बायांसाठी राखून ठेवलेली होती. कोणत्या भल्या माणसानं ती रीत पाडली कोण जाणे. समोरच्या हॉलात शहरातल्या चांगल्या घरच्या बाया येत, हिंदी मासिकं चाळत, विणकामाचे नमुने उतरवून घेत. बोळाच्या तोंडाशी सतरंजी टाकून आम्ही बसायचो. आमच्या वस्तीतल्या बाया आणि सुट्टी असली की भरवेलीच्या खाणकामगारांच्या लाइनीतून चालत आलेल्या काही जणी. एकजण वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. वाचणारी बहुतेक मीच, कारण बाकीच्यांत अडखळत वाचणाऱ्या एक-दोघीच होत्या. ऐकता ऐकता कोणी तूर निवडायची, कोणी लेकराला पाजायची. कथेत कोणावर अन्याय झाला की सगळ्याजणी मिळून त्या लेखकाला शिव्या द्यायच्या. “मेल्याले येवढी अक्कल नाही का, त्या पोरीले मायघरी धाडून द्यायची?” अशा.

आता आमची वाचायची रीत सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

वस्तीनं धम्म घेतला तेव्हा मी शाळकरी होते. नागपूरहून आलेल्या बाप्यांनी घरोघरचे देव टोपलीत घातले आणि वैनगंगेत सोडले. भिंतीतले कोनाडे रिकामे झाले. ‘आता शिका’ एवढं सांगितलं गेलं होतं, म्हणून घरात येणारं पुस्तक त्या कोनाड्यात जाऊ लागलं. ज्यांच्या आज्याला शाळेच्या ओसरीवर चढू देत नव्हते त्यांच्या घरात पुस्तक आलं होतं. ते का चुलीजवळ पडेल? पुस्तकाला हात लावायच्या आधी हात धुवायचे, साबणानं नाही तर राखेनं, कोपरापर्यंत. कोरड्या फडक्याला पुसायचे. पुस्तक मांडीवर घ्यायचं नाही, पाटावर ठेवायचं. ओळीवर बोट फिरवायचं नाही. धुतलेल्या खराट्याची काडी घ्यायची आणि ती अक्षराखाली, कागदाला न टेकवता सरकवायची. पान उलटायला बोट ओलं करणाऱ्या पोट्ट्याच्या पाठीत धपाटा बसायचा. पानाचा कोपरा मोडणं म्हणजे तर पापच. पुस्तक परत जायचं ते पांढऱ्या धडुत्यात गुंडाळून, आत कडुनिंबाची दोन पानं घालून.

हे कोणी शिकवलं नव्हतं. आमचं आमच्यात ठरत गेलं होतं. वाचनालयाचा ग्रंथपाल उत्तरेकडचा हिंदी माणूस, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला. तो पहिल्यांदा हसला, मग रविवारी आमच्यासाठी पाण्याची बादली आणि साबणाचा तुकडा ठेवू लागला. त्याला मी चांगला माणूस म्हणेन. भित्रा होता, पण चांगला होता.

आमच्यात सगळ्यात कडक मावशी होती. माझी सख्खी मावशी नव्हे, वस्तीची मावशी. राइस मिलमध्ये तांदूळ पाखडायला जायची. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण दर रविवारी एक पुस्तक आपल्या कार्डावर घरी न्यायची. कार्डावर सही करायला आम्हीच तिला शिकवलं होतं. न्यायला नेहमी जाडं पुस्तक निवडायची. “काहून वं मावशी, जाडंच काहून?” विचारलं तर म्हणायची, “बारकं नेलं त वाटंल म्हातारीले कमीच समजते.” घरी नातू वाचून दाखवायचा. नातू कंटाळला तर पुस्तक कोनाड्यात नुसतं असायचं. तेही तिला पुरत होतं.

दिवाळीच्या आधी एका रविवारी ग्रंथपालानं मला बाजूला बोलावलं. म्हणाला, वरून साहेब येणार आहेत. हॉल अपुरा पडतोय, जी पुस्तकं कोणी वाचत नाही ती काढून टाकायची आहेत. मराठी कपाटाचं नाव त्यात पहिलं आहे.

“आप लोग तो पढ़ती हैं,” तो म्हणाला. “घबराने की बात नहीं. साहब खुद आँख से देख लें, बस.”

मी सतरंजीवर येऊन सांगितलं. बायांत एकच कालवा झाला. मी तर खालच्या फळीकडेच पाहत राहिले, कारण ती गेली की परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की परसवाडा. मावशीनं सगळ्यांना गप्प केलं.

“पाहाले येऊन राह्यले ना? मंग पोरगी पाहाले येतात तवा आपन काय करतो? तशीच उभी करतो का झिपऱ्या घेऊन? धुऊन-पुसून, तेल-फनी करून उभी करतो. पुस्तकाइले बी तसंच करा. सायबानं म्हनलं पाह्यजे, का बाप्पा, येवढी जपतात ह्या बाया!”

कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आजही डोळे मिटून विचार करते तेव्हा मला त्या दिवशी दुसरं काही सुचलं असतं असं वाटत नाही. आम्ही कधी पुस्तक असं वापरलंच नव्हतं की वापरलेलं दिसेल.

ग्रंथपालानं अख्खं कपाट आमच्या हवाली केलं. सगळ्या बायांनी आपापल्या कार्डावर पुस्तकं घरी नेली. घराघरात तांदळाची खळ शिजली. मावशीनं मिलमधून जाड खाकी कागद आणला, त्याची कव्हरं झाली. फाटलेली पानं खळीनं जोडली, वर तांब्या ठेवून दाबली. कसर लागलेली पुस्तकं अंगणात खाटेवर उन्हात घातली आणि कावळे-कोंबड्या हाकलायला लेकरं बसवली. जुन्या काळी वाचणाऱ्या मास्तरांनी, वकिलांनी पेन्सिलीच्या खुणा केलेल्या होत्या. समासात ‘वा!’ लिहिलेलं होतं, कुठं कोणी भांडण काढलेलं होतं, कुठं हिशेब मांडलेला. ते सगळं आम्ही खोडरबरानं घासून काढलं. तेलाचे डाग होते त्यांवर पिठी टाकून उचलले. माझ्या अंकगणिताच्या पुस्तकात मागे उत्तरांवर कोणीतरी बरोबरच्या खुणा केल्या होत्या, त्याही मी पुसल्या. दिवाळीत घर सारवलं नाही तेवढं त्या कपाटाचं आम्ही सारवण केलं. वहिनीसुद्धा एक रविवार येऊन कव्हरं घालून गेली, आणि त्या संध्याकाळी भात वाढताना डाव आपटला नाही.

साहेब आले त्या दिवशी कपाट असं दिसत होतं की डोळे निवावेत. पुठ्ठा काढून तिथं स्वच्छ कापड ताणून बसवलं होतं. बाया धुतलेली लुगडी नेसून बोळात ओळीनं उभ्या.

साहेब जाडजूड नव्हते, चिडके नव्हते. सभ्य माणूस. असा माणूस वाईट करतो तेव्हा राग काढायलाही जागा सापडत नाही. आधी समोरच्या हॉलात हिंदी कपाटं पाहिली. तिथली पुस्तकं फाटकी, पानं सुटलेली, चहाचे डाग, कोपरे मोडलेले, कुठं पानांत विडीची राख. साहेबांनी मान डोलावली. “अच्छा चल रहा है,” म्हणाले. मग आमच्याकडे आले. एक पुस्तक काढलं, उघडलं. ते उघडताना करकरलं, कारण खळ नवी होती. दुसरं काढलं. तिसरं काढलं ते माझं अंकगणित.

“ये तो किसी ने खोली तक नहीं,” ते म्हणाले.

ग्रंथपाल म्हणाला, सर, रजिस्टर पहा, प्रत्येक पुस्तक घरी गेलेलं आहे. साहेब हसले. रजिस्टर कोणीही भरू शकतो, म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून त्याला विचारलं की कपाट वाचवण्यात तुमचं काय आहे?

तेवढ्यात मला वाचा फुटली. मी पुढे झाले आणि मला येत होती तेवढ्या हिंदीत म्हणाले की साहेब, ते पुस्तक मी वाचलंय, कुठलंही गणित विचारा. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “रट लिया होगा,” म्हणाले. “अच्छी बात है.”

मग मावशी पुढे आली. तिनं आपले हात, तांदळाच्या कोंड्यानं तडकलेले, साहेबांसमोर उलटेसुलटे करून दाखवले.

“सायेब, आमी हात धुऊन वाचतो,” ती म्हणाली. “म्हनून मळत नाही.”

ग्रंथपालानं हिंदीत सांगितलं. साहेबांना ते समजलं नाही. कोणत्या बाया आहेत या, त्यांनी विचारलं. कुठल्या मोहल्ल्यातल्या? ग्रंथपालानं चष्मा सारखा केला आणि आमच्या वस्तीचं नाव सांगितलं.

अंकगणित साहेबांनी फळीवर ठेवलं. फेकलं नाही, नीट ठेवलं. मग चपराशाला म्हणाले, “ज़रा पानी डालना,” आणि आमच्यासाठी ठेवलेल्या बादलीजवळ जाऊन त्यांनी हात पुढे केले. चपराशी तांब्यानं पाणी घालत होता आणि ते बोटं एकेक करून चोळत होते. आमचाच साबण. रुमालाला हात पुसून ते निघून गेले.

कोणी रडलं नाही. मावशी तेवढी पुटपुटली, “हात दाखवून अवलक्षण म्हनतात ते हेच बाई.” मला मात्र भयंकर संताप आला होता. तो संताप अजून आहे. शांत झाला असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्यासमोर कधी कोणाला असे हात धुवायला लावून पाहावे.

पंधरवड्यात कपाट रिकामं झालं. पुस्तकं लाकडी खोक्यांत भरून वर फळ्या ठोकल्या, सुतळी बांधून लाख लावली. कपाट पुसून समोरच्या हॉलात गेलं आणि त्यात हिंदी पुस्तकं लागली. खोकी मागच्या ओसरीवर ठेवली. कुठं पाठवायची होती म्हणे. नागपूरकडचे म्हणत होते आमचं नाही, इकडचे म्हणत होते आम्हाला नको. ती तिथंच पडून राहिली.

तिथंच! मी रोज मागच्या बाजूनं जात होते. दोन फळ्यांच्या फटीतून खाकी कव्हर दिसायचं. अंकगणित कोणत्या खोक्यात आहे तेही मला माहीत होतं, कारण चपराशी भरत होता तेव्हा मी दारात उभी होते. फटीत बोट जात होतं, पुस्तकाला लागतही होतं, पण ओढता येत नव्हतं. ग्रंथपालाच्या मी पाया पडले. चार पुस्तकं फक्त, म्हटलं, परीक्षा झाली की परत आणून देते. त्याला लेखी ताकीद आली होती. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

“बेटी, सरकारी सील है,” म्हणाला. “मेरी भी नौकरी है, बाल-बच्चे हैं.”

एका रविवारी मावशी पदराखाली विळा घेऊन आली. फळी उचकटायला. चपराशानं पाहिलं आणि पोलिसाचं नाव काढलं. मावशी भ्याली नसती, पण मी तिला ओढून नेलं. दुसऱ्या रविवारपासून बोळातली सतरंजी उचलली गेली. कपाटच नाही तर इथं बसायचं कशाला, असं सांगितलं. भरवेलीच्या बाया रस्त्यावरून परत गेल्या.

मग मी दादाला म्हटलं, गोंदियाहून पुस्तकं आणून दे. तो जेवत होता. घास तसाच हातात धरून बसला.

“फुकटात होतं तवरीक होतं,” तो म्हणाला. “आता काहून वाट पाहू? पुस्तकंच नाही त परीक्षा कायची देशील?”

“येकदा पाठवून त पाय मले,” मी म्हटलं. “मले येते दादा. बरंच येते.”

“येते त येते,” तो म्हणाला आणि खोकू लागला. खोकला थांबला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोकल्याचं की कशाचं ते मी विचारलं नाही. दादा आता या जगात नाही. लोक म्हणतात गेलेल्या माणसाला दोष देऊ नये. मी देते. त्याची छाती खाणीनं खाल्ली होती, घरात खाणारी तोंडं होती, सगळं मान्य. तरी तो चुकला. मेला म्हणून चूक का बरोबर होते?

माघात परसवाड्याचे लोक आले. मुलगा म्हणजे तो बायको मेलेला माणूस, त्याची म्हातारी आई आणि गावचा एक मोठा माणूस. मी दाराआड चहाचे कप घेऊन उभी. बोलणी सुरळीत चालली होती. मग म्हातारीनं विचारलं,

“पोरगी शिकलेली त नाही ना?”

परसवाड्याच्या या लोकांनीही धम्म घेतलेला होता. ‘शिका’ हे त्यांनीही ऐकलं होतं, पण ते आपल्या पोरांसाठी आहे असंच समजले होते. म्हातारी पुढे म्हणाली, “आमच्या शेजारी एक आनली शिकलेली. शेनाले हात लावत नाही, अन् उलटून बोलते. तशी नोको बाप्पा आमाले.”

मी दाराच्या फटीतून दादाकडे पाहत होते. त्यानं वर पाहिलं नाही.

“नाही जी,” तो म्हणाला. “अंगठाबहाद्दर हाय. येक अक्षर येत नाही.”

“मंग बरं हाय,” म्हातारी म्हणाली. आणि मी चहा घेऊन आत गेले.

गोंदियाला परीक्षा सुरू झाली तेव्हा परसवाड्याच्या रानात मोहाची फुलं पडत होती. पहाटे सासूबरोबर टोपली घेऊन जायचं, उजाडायच्या आत वेचायला लागायचं, नाही तर जनावरं खातात. त्या दिवशी पहिला पेपर मराठीचा होता. वेचता वेचता मी मनातल्या मनात निबंध लिहिला. विषय मीच काढला आणि मीच लिहिला, शेवटपर्यंत. ऊन वर आलं तेव्हा पेपर संपला असेल असं मी धरलं आणि पाठ सरळ केली. सासू म्हणाली, “काय झालं वं, थकली?” मी म्हटलं, “हौ.”

नवरा वाईट नव्हता. प्यायला तर हात उचलायचा, न प्यायला तर उचलत नसे. त्याला वाचता येत नव्हतं. पहिल्या वर्षी मी सांगितलं असतं तर दादाचा शब्द खोटा पडला असता. नंतर सांगितलं असतं तर मी इतके दिवस या माणसाला मनातल्या मनात हसत होते असं त्याला वाटलं असतं. मग सांगायचा दिवस कधी आलाच नाही. दुकानातून गूळ बांधून आलेला कागद मी चूल पेटवायच्या आधी वाचायची, सासूची पाठ असली की. बसच्या पाटीकडे पाहून दुसऱ्याला विचारायची, ही गाडी कुठं जाते? विचारताना तोंड कसं करायचं तेही जमलं.

मला एक मुलगी झाली. ती परसवाड्याच्या शाळेत जाऊ लागली तोवर दिवस बदलले होते. जिल्ह्याच्या वाचनालयातून तहसिलीच्या शाळांना पुस्तकांच्या पेट्या येऊ लागल्या, हिंदी, चित्रांच्या. पोरं घरी नेत आणि परत करत. त्याच्याबरोबर गुरुजींनी पोरांना सांगितलं की प्रत्येकानं घरातल्या एका अडाणी माणसाला शिकवायचं. माझ्या लेकीनं माझं नाव दिलं.

संध्याकाळी ती मला ओसरीवर बसवायची. समोर पाटी, हातात छडी म्हणून तुरीची काडी. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण शाळेचं बोलणं तिचं सगळं हिंदीत. नवरा अंगणात दोरी वळत बसलेला आणि सासू खाटेवर. लेक माझं बोट धरून अ गिरवून घ्यायची. “ऐसे, अम्मा. पहले पेट, फिर डंडा.” मग हात सोडून म्हणायची, आता तू काढ.

सरळ येणारं अक्षर वाकडं काढायला किती जोर लागतो ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. हात आपोआप वळायचा. मी त्याला मनगटातून अडवायची. दांडी आडवी पाडायची, पोट उलटं काढायची. एकदा चुकून नीट अ उमटला तर मी तळव्यानं झटकन तो पुसून टाकला. लेक ओरडली, “मिटाया क्यों? सही था!” अंगणातून नवरा हसला. “राहू दे वं बाई, बुढी घोडी लाल लगाम,” म्हणाला. सासूही हसली. मीही हसले.

शाळेत गुरुजी विचारत होते, कोणाची आई किती शिकली. इतर पोरांच्या आया नाव लिहायला लागल्या होत्या. माझी लेक रोज खाली मान घालून यायची. तिनं रागावून पाहिलं, लाडानं पाहिलं, एकदा काडी माझ्या बोटांवर मारूनही पाहिली. वाटलं, सांगून टाकावं. तिच्या कानात, एवढंच, की मले येते. तोंडाशी आलं होतं. अंगणात दोरीचा पीळ देत तिचा बाप बसला होता.

मी परत वाकडा अ काढला.

लेकीनं पाटी आपल्याकडे ओढली. थुंकी लावून फ्रॉकनं पुसली आणि दप्तरात घातली. माझ्याकडे न पाहता म्हणाली,

“रहने दे, अम्मा. तुझसे नहीं होगा.”

“हौ बाई,” मी म्हटलं. “नाही होत.”